रोशा तेल: गवत, भट्टी, पारख आणि वापर

प्रश्न थोडक्यात असा आहे. नंदुरबारकडे दोन एकर मुरमाड, उताराची जमीन आहे. बांधावर आणि टेकडीवर रोशा गवत आपोआप येतं. ऑगस्टच्या शेवटी 40 किलो गवत कापून, जुन्या 200 लिटरच्या लोखंडी पिंपात पाण्यात उकळून तेल काढलं. दीड तासात जेमतेम 50 मिली तेल आलं. रंग तांबूस, वासाला जळका दर्प. चुकलं कुठे, शेतात लागवड करावी का, आणि घरातली वडीलधारी माणसं गुडघ्याला चोळायची ते तेल हेच का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: हो, हेच. खानदेशात रोशा किंवा रोशेल, विदर्भात आणि मेळघाटाकडे तिखाडी, संस्कृत ग्रंथांत रोहिष किंवा कत्तृण, आणि बाजारात पामारोझा. गवत एकच. भावप्रकाशात कत्तृणाच्या पर्यायनामांत सौगंधिक हे नाव येतं, ते वासावरूनच. शास्त्रीय नाव सिम्बोपोगॉन मार्टिनी. गवती चहा आणि सिट्रोनेला याच्या सख्ख्या जाती असल्या तरी तेलं अगदी वेगळी. गवती चहाच्या तेलात सिट्रल मुख्य, म्हणून लिंबाचा वास. रोशात जिरॅनिऑल मुख्य, साधारण 75 ते 85 टक्के, म्हणून गुलाबाचा. बाजारात जुन्या याद्यांत याला ‘ईस्ट इंडियन जिरेनियम’ म्हटलेलं आढळतं. त्यावरून कुंडीतल्या जिरेनियमचं तेल समजू नका, त्या झाडाशी याचा संबंध नाही. 1871 मध्ये ऑस्कर याकोबसेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने जिरॅनिऑल शुद्ध रूपात वेगळं केलं, ते भारतातून गेलेल्या या गवताच्याच तेलातून.

आता तुमच्या 50 मिलीचा हिशोब मांडू. रोशा तेल पाण्यापेक्षा हलकं, एक लिटरचं वजन सुमारे 885 ग्रॅम. म्हणजे तुमचं तेल 44 ग्रॅम भरलं, उतारा (गवताच्या वजनात निघालेल्या तेलाचं प्रमाण) 0.11 टक्के. योग्य वेळी कापलेल्या, बरं सुकलेल्या गवताचा उतारा 0.3 ते 0.5 टक्के मिळायला हवा, म्हणजे 40 किलोला 120 ते 200 ग्रॅम. दोन तृतीयांश तेल कुठे तरी राहिलं. ते चार ठिकाणी राहिलं असणार: कापणीची वेळ, गवतातली भेसळ, पाण्यात उकळणं आणि लवकर विझवलेली भट्टी. यांपैकी पहिलं कारण सर्वांत मोठं आहे.

रोशाचं तेल तुऱ्यात असतं. त्याखालोखाल पानांत. धांड्यात, म्हणजे खोडात, जवळपास नाही. ऑगस्टमध्ये गवत हिरवंगार, उंच आणि भरघोस दिसतं, पण तुरा आलेला नसतो, म्हणजे पिंपात बहुतेक पाणी आणि धांडी भरली जातात. शिवाय प्रश्न फक्त प्रमाणाचा नाही. कोवळ्या, मिटलेल्या तुऱ्यात जिरॅनिऑलपेक्षा त्याचं ॲसिटेट (जिरॅनिल ॲसिटेट हे संयुग) जास्त असतं. तुरा उमलून पक्व होत जातो तसं हे ॲसिटेट फुटून जिरॅनिऑल वाढत जातं. म्हणून लवकर कापलेल्या गवताच्या तेलाचा वास हिरवट, फळासारखा येतो, गुलाबाचा भरीवपणा येत नाही. डोंगरावरच्या गवताला तुरा साधारण सप्टेंबरच्या शेवटी निघतो. सगळं शेत फुललं की त्यानंतर सात ते दहा दिवसांनी, दाणा भरायला लागताना कापायचं. खूण अशी: तुरा हातात चुरगाळला की बोटं चिकट होतात आणि वास लगेच चढतो, पण दाणे अजून गळत नाहीत. दाणे वाळून गळायला लागले म्हणजे उशीर झाला.

दुसरं, गवतातली भेसळ. रोशाच्या दोन जाती आहेत, मोतिया आणि सोफिया, आणि या टेकड्यांवर त्या शेजारी शेजारी उगवतात. गुलाबाच्या वासाचं तेल मोतियाचं. सोफियाच्या तेलाला बाजारात जिंजरग्रास म्हणतात. त्याचा वास शेपू-जिऱ्याकडे झुकतो आणि भाव कमी मिळतो. जुन्या काळी खानदेशातले भट्टीवाले असं मानायचे की कोवळं, निळसर पांढऱ्या तुऱ्याचं गवत म्हणजे मोतिया आणि तेच पिकून लाल झालं की सोफिया. हा समज अजूनही कानावर येतो, पण तो खरा नाही. वय नव्हे, वाण वेगळा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वनस्पतीशास्त्रज्ञांनी दोन्ही वेगळे करून दाखवले. दिसायला ते इतके सारखे की वाळल्यावर ओळखता येत नाहीत, पण उभ्या गवतात ओळखता येतात. मोतिया कोरड्या, उघड्या, पाण्याचा निचरा होणाऱ्या उतारावर येतो आणि त्याची पानं धांड्यापासून जवळजवळ काटकोनात बाहेर फाकतात. सोफिया सावलीत, ओलसर खोलगट जागी येतो आणि पानं वरच्या बाजूला धांड्याला जवळ राहतात. शंका आली तर पान चोळून वास घ्या. नाकाला फरक लगेच कळतो. दहा पेंढ्यांत एक सोफियाची गेली तरी पूर्ण घाणीचा, म्हणजे एका वेळी भट्टीत भरलेल्या गवताच्या तेलाचा, वास बदलतो, म्हणून नाल्याकाठचं गवत आणि उतारावरचं गवत एकत्र बांधायचं नाही.

आता भट्टी. तुम्ही गवत पाण्यात बुडवून उकळलंत. जुन्या पद्धतीतही हेच चालायचं: नाल्याच्या काठावर दगडी चुलाण, त्यावर देग, तिच्यात पाणी आणि दाबून भरलेलं गवत, वर झाकण, फटी उडदाच्या पिठाने बंद, आणि झाकणातून निघालेल्या बांबूच्या नळ्या वाहत्या पाण्यात ठेवलेल्या तांब्याच्या भपक्यांत, म्हणजे वाफ थंड होऊन जमा होणाऱ्या भांड्यांत. पिंपळनेर आणि नंदुरबार परिसर या भट्ट्यांसाठी एकोणिसाव्या शतकातच प्रसिद्ध होता. ते तेल मुंबईहून तांबड्या समुद्रातल्या बंदरांना आणि तिथून तुर्कस्तानात जायचं. तिथे त्याला ‘इदरीस यागी’ म्हणत. डिंकाचं पाणी आणि लिंबाचा रस घालून, उन्हात ठेवून त्याचा रंग उडवायचे आणि मग गुलाबाच्या अत्तरात मिसळायचे. बल्गेरियातल्या काझानलिकला तर गुलाबाच्या पाकळ्या भट्टीत घालण्याआधीच त्यांच्यावर हे तेल शिंपडलं जायचं. खानदेशातल्या मुरमाड टेकडीवरचं गवत जगभरच्या गुलाब अत्तरात मिसळलेलं होतं, ही आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असलेली गोष्ट आहे.

त्या देगेत दोन दोष होते आणि तुमच्या पिंपात तेच आले. एक, तळाला टेकलेलं गवत जाळावर करपतं. जळका वास तिथून आला. दोन, गवत उकळत्या पाण्यात तासन्‌तास राहिलं की त्यातलं जिरॅनिल ॲसिटेट पाण्याने फुटतं आणि थोडं ॲसिटिक आम्ल तयार होतं. हे आम्ल लोखंडाला खातं. तुमच्या तेलाचा तांबूस रंग हा गंजाचा रंग आहे. तांब्याच्या भांड्यात हेच झालं असतं तर तेलावर हिरवट झाक आली असती.

पिंप तेच वापरायचं असेल तर एवढे बदल करा. तळापासून साधारण 30 सेंटिमीटर उंचीवर स्टेनलेस स्टीलची भोकं पाडलेली जाळी तिवईवर बसवा. खाली 50 ते 55 लिटर पाणी घाला, म्हणजे पाण्याची उंची 20 ते 22 सेंटिमीटर होईल आणि उकळी आली तरी पाणी गवताला लागणार नाही. जाळीवर गवत. इथे फक्त वाफ गवतातून वर जाते, गवत पाण्यात शिजत नाही. फरक एवढाच, पण तेलाचा रंग, वास आणि उतारा तिन्ही त्याने सुधारतात. पुढे पैसे हाती आले की पिंप स्टेनलेस स्टीलचं करा, आणि एकदम सगळं जमत नसेल तर आधी झाकण, नळी आणि कंडेन्सर (वाफ थंड करणारं वेटोळं) स्टीलचे करा. वाफ थंड होऊन आम्लाचं पाणी तिथेच धातूला लागतं, म्हणून गंज तिथून सर्वांत जास्त येतो.

गवत कापल्यावर लगेच भरू नका. जमिनीपासून 10 ते 15 सेंटिमीटर वर कापा, सावलीत पातळ पसरून चार-सहा तास, ढगाळ दिवस असेल तर रात्रभर सुकू द्या. पाण्याचा अंश उतरतो, त्याच पिंपात जास्त गवत बसतं, वाफ कमी लागते. ढीग मात्र करायचा नाही. ओलं गवत ढिगात घातलं की आतून तापतं, कुजायला लागतं आणि तेलाला आंबूस वास येतो. दवात किंवा पावसात भिजलेलं गवत कापूच नका. भरताना वीतभर तुकडे करा आणि पायाने दाबत, सगळीकडे सारखं भरा. एका बाजूला पोकळ राहिलं तर वाफ तिथूनच पळते आणि बाकीचं गवत तसंच कोरडं राहतं. पिंप उपसल्यावर मधल्या भागातल्या गवताला वास येत असेल तर भरणी चुकली असं समजा.

झाकणाच्या फटीला उडदाची किंवा गव्हाची कणिक चालते. जुनी माणसं ती लावायची आणि आजही तिच्याइतकं स्वस्त काही नाही. झाकणातून निघणारी नळी किमान 25 मिलिमीटर व्यासाची हवी, आणि तिच्यावर कुठेही कॉक बसवायचा नाही. गवताचा चोथा नळीत अडकू नये म्हणून आतून तोंडाला जाळी लावा. पिंप हे दाब सहन करण्यासाठी बनवलेलं भांडं नाही. नळी बंद झाली तर ते फुटतं आणि माणसं भाजतात. पेटती भट्टी सोडून कुणी जायचं नाही.

थंड करण्याचं पाणी हा सगळ्यांत दुर्लक्षिलेला भाग आहे. 200 लिटरच्या पिंपातून ताशी 12 ते 15 लिटर अर्क, म्हणजे वाफ थंड होऊन आलेलं पाणी आणि तेल, पडायला हवा. तेवढी वाफ थंड करायला ताशी 300 ते 350 लिटर ताजं पाणी लागतं. कुणी 200 लिटरच्या टाकीत नळीचं वेटोळं बुडवून ठेवतं, दोनेक तासांत ती टाकी उकळायला येते, नळीतून पाण्याऐवजी वाफ निघायला लागते आणि तेल हवेत जातं. भट्टीजवळ उभं राहिल्यावर ‘काय सुंदर वास सुटलाय’ असं वाटलं तर समजा की तुमचा माल उडतो आहे. जुने भट्टीवाले नाल्याच्या काठीच बसायचे ते याचसाठी. वेटोळ्याला 19 मिलिमीटर व्यासाची सहा-सात मीटर नळी पुरते, थंड पाणी टाकीत खालून घाला आणि गरम पाणी वरून वाहू द्या. बाहेर पडणारा अर्क हाताला कोमट लागावा, 35 ते 40 अंशांच्या आत.

तो अर्क एका उंच भांड्यात पडू द्यायचा, ज्याच्या तळातून वाकडी नळी वर येऊन पाणी बाहेर टाकते. तेल वर तरंगत राहतं, पाणी खालून निघून जातं. वाकड्या नळीचं तोंड भांड्याच्या काठापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर खाली हवं, नाहीतर तेलच वरून सांडेल. दीड तासाला थांबणं ही तुमची चौथी चूक. पहिल्या तासात तेल भराभर येतं, मग धार मंदावते, आणि तिथेच बरेच जण जाळ काढतात. वाफ सुरू झाल्यापासून किमान तीन तास, गवत जाड असेल तर साडेतीन तास चालवा. अधूनमधून काचेच्या नळीत अर्क धरून उजेडात बघा. पृष्ठभागावर तेलाचे थेंब दिसेनासे झाले की संपलं. त्यापुढे चालवण्यात फक्त लाकूड जळतं.

अर्काचं पाणी फेकू नका. जिरॅनिऑल पाण्यात थोडं विरघळतं, त्यामुळे या पाण्याला मंद गुलाबी वास राहतो. पुढच्या घाणीला तळात साध्या पाण्याऐवजी हेच घाला, तेवढं तेल परत मिळतं. घरात वापरायचं असेल तर उकळलेल्या कोरड्या बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांत संपवा, कारण त्यात टिकवणारं काहीच नसतं आणि ते लवकर बुरसटतं. काढलेलं गवत उन्हात वाळवलं की पुढच्या भट्टीला जळण होतं. उरलेलं शेतात आच्छादन म्हणून घाला.

आत्ता हातात असलेल्या तांबूस तेलाचं काय करायचं? रंग घालवता येतो. 100 मिली पाण्यात 5 ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवून ते तेलात घाला, काचेच्या बाटलीत चांगलं हलवा, स्थिर होऊ द्या आणि खालचं पाणी काढून टाका. लोखंड त्या पाण्यात जातं. मग दोनदा स्वच्छ पाण्याने धुवा. तुर्कस्तानात लिंबाचा रस घालायचे त्यामागचं एक कारण हेच. जळका वास मात्र असा निघणार नाही. त्यासाठी तेल पुन्हा वाफेवर काढावं लागतं आणि 50 मिलीसाठी तो खटाटोप परवडत नाही. हे तेल अंगाला लावण्यासाठी वापरू नका, फरशी पुसायच्या पाण्यात चार-चार थेंब घालून संपवा.

नवीन तेल मात्र नीट ठेवा. वेगळं केलेल्या तेलात बारीक पाणी राहतंच. लिटरला 15-20 ग्रॅम निर्जल सोडियम सल्फेट घालून रात्रभर ठेवा, सकाळी फिल्टर पेपरमधून गाळा. बाटली गडद रंगाच्या काचेची किंवा ॲल्युमिनियमची, तोंडापर्यंत भरलेली आणि सावलीत. अर्धी रिकामी बाटली उन्हाळ्यात पत्र्याखाली राहिली की हवेतल्या ऑक्सिजनने जिरॅनिऑल बदलतं, वास तिखट होतो आणि तेच तेल त्वचेला बाधायला लागतं. पातळ प्लास्टिकच्या बाटलीत हे तेल कधीच ठेवू नये.

लागवडीबद्दल. तुमची जमीन या पिकाला मानवणारी आहे. उताराचा मुरूम, थोडी क्षारपड असली तरी चालते, फक्त पाणी साचायला नको. दोन दिवस पाणी तुंबलं की मुळं सडतात. टेकडीवरचं बी गोळा करून पेरण्याचा मोह टाळा. हे गवत परपरागीकरणाने फळतं, त्यात सोफियाचं रक्त कुठे मिसळलं आहे ते दिसत नाही. लखनौच्या सीमॅप या संस्थेचे तृष्णा, तृप्ता, पीआरसी-1, वैष्णवी असे मोतियाचे वाण आहेत, त्यांचं खात्रीचं बी घ्या. एकरी 1 किलो बी पुरतं. बी अगदी बारीक आणि हलकं असतं, म्हणून दहापट बारीक वाळू किंवा राखेत मिसळून दीड-दोन गुंठ्यांच्या गादीवाफ्यावर ओळीत पेरा. वर मातीचा थर अगदी पातळ द्या, जाड झाला की उगवणच होत नाही. मेच्या शेवटी पेरलं तर दोन आठवड्यांत उगवतं आणि 35-40 दिवसांत, वीतभर उंचीची रोपं पावसाच्या जोरावर लावायला तयार होतात. ओळींत 60 आणि रोपांत 30 सेंटिमीटर, एकरी सुमारे 22 हजार रोपं. ताजं झाडलेलं बी लगेच नीट उगवत नाही, त्याला काही महिन्यांची विश्रांती लागते, आणि वर्षाहून जुन्या बियाची उगवण घसरते. हिवाळ्यात धरलेलं बी त्याच उन्हाळ्यात पेरणं बरं.

पहिले दोन महिने तण सांभाळलंत की पुढे हे गवत स्वतःच जागा धरतं. नत्र एकरी 40 ते 50 किलो वर्षाला, कापण्यांमध्ये विभागून. एकदम दिलं की धांडी वाढतात, तेल वाढत नाही, आणि तुम्ही वाफेवर धांडी उकळत बसता. पहिली कापणी लावणीनंतर साडेतीन-चार महिन्यांनी, नंतर पाण्याची सोय असेल तर वर्षाला दोन ते तीन. पहिल्या वर्षी एकरी 20-25 किलो तेल, दुसऱ्या वर्षापासून 30 किलोच्या पुढे असा अंदाज धरा, तोही ओलिताखाली. निव्वळ पावसावर याच्या निम्म्यावर समाधान मानावं लागतं. चार-पाच वर्षं पीक चांगलं देतं, मग ठोंब मधून पोकळ होतात.

इथे एक कठीण गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. दोन एकर लागवड आणि 200 लिटरचं पिंप यांचा मेळ बसत नाही. एका कापणीला एकरी चार टन गवत धरलं तर दोन एकरांचं आठ टन, म्हणजे 40 किलोच्या 200 घाणी. फुलोऱ्याची योग्य अवस्था दोन आठवडे टिकते, तेवढ्यात हे होणार नाही. एका वेळी 500 किलो गवत घेणारी, वेगळ्या बॉयलरची भट्टी असेल तर दिवसाला दोन घाणी काढून आठ दिवसांत काम उरकतं. म्हणून आधी आसपास अशी भट्टी भाड्याने मिळते का ते पाहा, किंवा चार-पाच शेतकरी मिळून ती उभी करा, आणि मगच रोपं लावा. उलट क्रमाने केलं तर गवत शेतात वाळतं. टेकडी वनजमीन असेल तर तिथलं गवत कापण्याआधी ग्रामसभेकडे सामूहिक वनहक्क आहे का ते विचारा, नसेल तर वनविभागाची परवानगी घ्या.

विकत घेणाऱ्यांसाठी पारखीचे थोडे शब्द. रोशात भेसळ पूर्वीपासून होत आली आहे: रॉकेल, टर्पेंटाइन, खोबरेल, आणि आता कारखान्यातलं जिरॅनिऑल. घरी तीन गोष्टी करता येतात. कागदावर थेंब टाकून दिवसभर ठेवा, तेलकट डाग राहिला तर त्यात खाद्यतेल आहे. फ्रीजमध्ये रात्रभर ठेवा, ढगाळ होऊन गोठायला लागलं तर खोबरेल. आणि 70 टक्के अल्कोहोलच्या दोन भागांत एक भाग तेल टाका. शुद्ध रोशा स्वच्छ विरघळतं; रॉकेल, टर्पेंटाइन किंवा खाद्यतेल असेल तर द्रावण दुधाळ होतं. कारखान्यातलं जिरॅनिऑल मात्र या तिन्ही कसोट्यांतून सुटतं. ते पकडायला गॅस क्रोमॅटोग्राफीच हवी, म्हणजे तेलातले घटक वेगळे करून मोजणारी प्रयोगशाळेतली तपासणी. अहवालात नेरॉल जास्त दिसलं आणि ओसिमीन, कॅरिओफिलीन यांसारखे सोबतचे घटक नाहीसे झालेले दिसले की समजावं. मोठी खरेदी असेल तर प्रत्येक लॉटचा अहवाल मागा.

आता वापर. गुडघे, कंबर, खांदे आखडणं यासाठी रोशा तेल तिळाच्या तेलात मिसळून चोळण्याची रीत जुनी आहे आणि ती चांगली आहे, पण प्रमाणात. 100 मिली तिळाच्या तेलात 2 मिली रोशा. थेंबांवर जाऊ नका, ड्रॉपरप्रमाणे थेंब लहानमोठा होतो. सुई नसलेली सिरिंज घ्या. तिळाचं तेल आधी कोमट करा, खाली उतरवून हाताला सोसेल इतपत झालं की मग रोशा घाला. चुलीवर असताना घातलं तर वास घरात पसरतो आणि तेलात उरत नाही. पंधरा मिनिटं चोळून वर गरम कापडाचा शेक. यातला मोठा वाटा चोळण्याचा आणि शेकाचा आहे हे ध्यानात ठेवा. ताठरपणा सैल होतो, वेदना काही वेळ उतरते, झिजलेला सांधा मात्र भरून येत नाही. सांधा लाल, गरम, सुजलेला असेल तर चोळू नका, डॉक्टरांना दाखवा.

निव्वळ तेल त्वचेला लावायचं नाही. ‘नैसर्गिक आहे, काय होणार’ म्हणून लोक थेट लावतात आणि चट्टे उठवून घेतात. जिरॅनिऑल काही जणांना बाधतं. युरोपात अंगावर राहणाऱ्या सौंदर्यप्रसाधनांत ते 0.001 टक्क्यापेक्षा जास्त असेल तर लेबलवर नाव छापावं लागतं, ते याच कारणासाठी. वरचं मिश्रण आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा. लहान बाळांना लावू नका. गरोदर बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. डोळे आणि जखम यांपासून दूर.

पोटात घेण्याबद्दलही विचारलं जातं. जुन्या वैद्यकात ताप, कफ, खोकला यांवर रोहिषाचा उल्लेख आहे, पण तो गवताच्या काढ्याचा. मूठभर गवताच्या काढ्यात तेलाचा अंश किती आणि चमचाभर तेलात किती, यात कितीतरी पटींचा फरक पडतो. तेल प्यायचं नाही. टकलावर केस येतात असंही पूर्वापार सांगतात, पण त्या भरवशावर कुणी पैसे घालवू नयेत.

डास पळवायला याच दोन टक्क्यांचं खोबरेल हातापायांना लावलं तर थोडा वेळ उपयोग होतो. वास उतरला की परिणामही उतरतो, म्हणून हिवताप-डेंग्यूच्या हंगामात मच्छरदाणी सोडू नका. साबणाला हे तेल फार छान: जिरॅनिऑल क्षारात टिकतं, त्यामुळे कॉस्टिकच्या साबणातही गुलाबाचा वास महिनोन्‌महिने राहतो. एक किलो तेलांच्या घाणीला 20 ते 25 ग्रॅम रोशा, मिश्रण दाट व्हायला लागल्यावर शेवटी घाला. उदबत्तीत ते चंदनाच्या किंवा वाळ्याच्या तेलाबरोबर द्या, एकटं दिलं तर जळताना लवकर उडून जातं.

या ऑक्टोबरमध्ये लागवडीचा खर्च न करता उतारावरचं मोतिया गवत वेचून, जाळी बसवलेल्या पिंपात तीनच घाणी काढा. प्रत्येक घाणीला गवताचं वजन, तुऱ्याची अवस्था, किती वेळ वाफ दिली आणि किती ग्रॅम तेल आलं हे वहीत लिहा. उतारा 0.3 टक्क्याच्या वर गेला आणि तेल फिकट पिवळं, स्वच्छ गुलाबी वासाचं आलं, तर मेमध्ये गादीवाफे करायला घ्या.